बालवाडीत डिजिटल साधन आणण्यापूर्वी : नागपूरच्या शिक्षिकांसाठी पूर्वतयारीचे सविस्तर मार्गदर्शन

बालवाडीत किंवा नर्सरीत मोठा टीव्ही बसला की शाळेच्या फलकावर ‘डिजिटल वर्ग’ ही अक्षरे झळकतात. शिक्षिकेचे प्रशिक्षण मात्र त्यानंतर, तेही विक्रेत्याच्या माणसाने तासाभरात बटणे दाखवून उरकलेले असते. प्रस्तुत लेखात हा क्रम उलटा धरला आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसमोर पडदा कधी लावायचा, कुठे थांबवायचा आणि कोणत्या दिवशी लावायचाच नाही, हे जिला स्वतःच्या बळावर ठरवता येते, ती शिक्षिका तयार आहे असे म्हणता येईल. हा निर्णय घेण्याची क्षमता सरावाने येते आणि तो सराव कसा करावा, हे पुढे टप्प्याटप्प्याने सांगितले आहे. अंगणवाडी, महानगरपालिकेची बालवाडी आणि खासगी नर्सरी या तिन्ही ठिकाणच्या सोयी सारख्या नसतात. म्हणून प्रत्येक टप्प्यात कमीत कमी साधनांत काय करता येईल, यावर भर दिला आहे.

चौकट आधी माहीत असावी

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ हे वय ‘पायाभूत स्तर’ म्हणून एकत्र बांधले. या स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये आला आणि त्यावर आधारित ‘जादुई पिटारा’ फेब्रुवारी २०२३ मध्ये. पिटाऱ्यात खेळणी, बाहुल्या, कोडी, चित्रपत्ते, गोष्टींची पुस्तके असे हाताळण्याचे साहित्य आहे; त्याची ‘ई-जादुई पिटारा’ ही डिजिटल आवृत्ती साधारण वर्षभराने, फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. आधी हातात धरता येणारी वस्तू आणि मागाहून पडदा, हा क्रम शिक्षिकेने आपल्या वर्गातही जसाच्या तसा पाळावा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलाचा बसून पडदा पाहण्याचा वेळ दिवसाला एका तासापेक्षा अधिक नसावा, आणि तो जितका कमी तितका चांगला. उलट, त्याच्या शरीराची हालचाल दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे व्हावी. हा एक तास संपूर्ण दिवसाचा आहे, शाळेचा नव्हे. जेवताना हातात मोबाइल घेऊन बसणाऱ्या मुलाचा तो तास शाळेत येण्याआधी अथवा शाळेतून गेल्यावर संपलेलाच असतो. म्हणून वर्गात एका वेळी पाच ते सात मिनिटांपलीकडे पडदा सलग चालू ठेवू नये आणि रोज तर लावूच नये, असे माझे मत आहे. या मर्यादेत काय बसते आणि काय बसत नाही, हे पाहिले की पुढची निवड बरीच सोपी होते.

पहिला टप्पा : आपण कुठे आहोत, याची चाचपणी

‘मला तंत्रज्ञान जमते का?’ या प्रश्नाचे उत्तर होय किंवा नाही असे देण्यात अर्थ नाही. व्हॉट्सॲप, यूट्यूब, ऑनलाइन पैसे पाठवणे हे बहुतेकींना येते, पण घरी फोन वापरणे आणि पंचवीस मुलांकडे लक्ष ठेवून फोन वापरणे यांत मोठा फरक आहे. त्यामुळे प्रश्नावली भरण्याऐवजी काही कामे प्रत्यक्ष करून पाहावीत. मिनिटभराचे ध्वनिमुद्रण करावे, त्याला ओळखता येईल असे नाव द्यावे आणि दुसऱ्या दिवशी ते न शोधता उघडता येते का, हे पाहावे. एखादी चित्रफीत आधीच उतरवून घेऊन इंटरनेट बंद असताना चालवावी. फोन ब्लूटूथ स्पीकरला जोडावा, तोडावा, पुन्हा जोडावा. ‘जागा शिल्लक नाही’ असा संदेश आला तर काय पुसायचे आणि काय ठेवायचे, हे कुणाला न विचारता ठरवता यावे. ज्या कामात अडखळायला होते तेवढेच शिकून घ्यावे. संगणकाच्या लांबलचक अभ्यासक्रमाची येथे गरज नाही.

अंगणवाडी सेविकांविषयी एक गोष्ट स्पष्टपणे नोंदवायला हवी. २०२१ पासून त्या ‘पोषण ट्रॅकर’ या सरकारी मोबाइल ॲपवर उपस्थिती, वजन, उंची, आहार यांच्या नोंदी करीत आल्या आहेत, तेव्हा त्यांना मोबाइलची भीती वाटते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्याच वर्षी महाराष्ट्रातील हजारो सेविकांनी निकृष्ट ठरलेले सरकारी मोबाइल परत केले. त्यामागे शिकण्याची अनिच्छा नव्हती, तापणारे, बंद पडणारे आणि कमी क्षमतेचे उपकरण होते. शिक्षिकेची तयारी मोजायला निघालेल्या संस्थेने आधी आपण दिलेले साधन, इंटरनेटचा खर्च आणि तयारीसाठी मोकळा वेळ यांचा हिशेब मांडावा. शिवाय, नोंदी भरण्याचे कौशल्य आणि मुलांसोबत साधन वापरण्याचे कौशल्य ही दोन निराळी कामे आहेत. पहिल्यात तरबेज असलेल्या सेविकेलाही दुसऱ्यासाठी वेगळा सराव लागतोच.

दुसरा टप्पा : कृती निवडणे, आणि बहुतेक कृती वगळणे

आठवड्याचे नियोजन समोर घ्यावे आणि प्रत्येक कृतीपुढे एकच प्रश्न विचारावा : डिजिटल साधन नसते तर मुलाचे नेमके काय हुकले असते? उत्तर सुचत नसेल तर साधन वगळावे. माझ्या मते ते वापरण्याची तीनच सबळ कारणे आहेत. जे वर्गात आणता येत नाही ते दाखवणे किंवा ऐकवणे, हे पहिले. उदाहरणार्थ, रात्री ओरडणाऱ्या पिंगळ्याचा आवाज किंवा मुंगीच्या तोंडाची जवळून घेतलेली प्रतिमा. जे घडून नाहीसे होते ते टिकवून ठेवणे, हे दुसरे. मुलाने ठोकळ्यांचा रचलेला मनोरा किंवा स्वतःच्या शब्दांत सांगितलेली गोष्ट ही त्याची उदाहरणे. एरवी मागे पडणाऱ्या मुलाला कृतीत सामील करून घेणे, हे तिसरे; ज्याला फळ्यावरचे चित्र नीट दिसत नाही त्याला तेच चित्र टॅबवर मोठे करून जवळून दाखवणे यात येते.

संत्र्याचेच पाहू. नागपुरात आंबिया बहाराची संत्री सप्टेंबरच्या सुमारास बाजारात दिसू लागतात आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. अशा गावात मुलांना संत्र्याची चित्रफीत दाखवणे म्हणजे वेळेचा अपव्यय आहे. फळ सोलावे, सालीचा वास घ्यावा, फोडी मोजाव्यात, बिया वेगळ्या काढाव्यात. पण त्याच बिया कुंडीत लावल्या आणि शिक्षिकेने दर सोमवारी त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून कुंडीचा एक फोटो काढला, तर दोन-अडीच महिन्यांनी ते फोटो ओळीने दाखवता येतात. आधी मातीच माती, मग कोंब, मग पाने, हा बदल डोळ्यांना रोज जाणवत नाही, तो फोटोंमुळे दिसतो. विषय एकच असून एका ठिकाणी साधन निरुपयोगी आणि दुसऱ्या ठिकाणी मोलाचे ठरते. पाठाच्या वहीत हा निर्णय एका वाक्यात लिहून ठेवण्याची सवय लावावी.

तिसरा टप्पा : साधन आणि खोली

खरेदीचा प्रश्न आलाच तर चांगला आवाज देणारा, बॅटरीवर चालणारा स्पीकर आधी घ्यावा. आवाज ऐकताना मूल उभे राहू शकते, नाचू शकते, डोळे मिटू शकते, शेजाऱ्याकडे पाहू शकते. पडदा त्याला एका दिशेने बांधून ठेवतो. त्यानंतर गरजेनुसार टीव्हीचा विचार करावा. प्रोजेक्टरला अंधार लागतो, आणि अंधारलेल्या खोलीत तीन वर्षांची मुले सांभाळणे कठीण असते. प्रत्येक मुलाला स्वतंत्र टॅब देण्याची या वयात आवश्यकता नाही. चार-पाच मुलांत एक टॅब असला की निदान त्यावरून बोलणे होते, भांडण होते आणि त्यातून पाळी लावणेही शिकवता येते.

टीव्ही असल्यास त्याचा मध्य जमिनीवर बसलेल्या मुलाच्या डोळ्यांच्या पातळीपेक्षा फार वर नसावा. शाळांतून तो अनेकदा मोठ्यांच्या सोयीने इतका उंच टांगलेला असतो की मुलांच्या माना आखडतात. खिडकीचा उजेड पडद्यावर पडू नये. वायर मुलांच्या वाटेतून जाऊ नये, आणि हाताशी येणाऱ्या प्रत्येक सॉकेटला झाकण असावे. चित्रफीत पेन ड्राइव्हवर घेऊन थेट टीव्हीला लावणे हा सर्वांत भरवशाचा मार्ग होय. फोनचा पडदा टीव्हीवर आणण्यासाठी बहुधा दोन्ही उपकरणे एकाच वायफायवर असावी लागतात आणि ऐन वेळी नेमके तेच जुळत नाही. यूट्यूब वर्गात थेट चालवू नये. मध्ये येणारी जाहिरात आणि आपोआप सुरू होणारी पुढची चित्रफीत यांवर शिक्षिकेचे नियंत्रण राहत नाही.

आपल्याकडच्या हवामानाचाही विचार करावा लागतो. मार्च सरता सरता वर्गातील कूलर सुरू होतो आणि त्याच्या घरघरीत लहान स्पीकर ऐकू येत नाही, मुलांचे ध्वनिमुद्रण तर बिघडतेच. म्हणून ऐकण्याच्या आणि मुद्रणाच्या कृती पावसाळा-हिवाळ्यात उरकाव्यात, अथवा उन्हाळ्यात सकाळच्या पहिल्या अर्ध्या तासात, कूलर लावण्यापूर्वी घ्याव्यात. फोन उन्हात किंवा चार्जिंगला लावलेल्या अवस्थेत सलग वापरू नये. या दिवसांत तो लवकर तापतो आणि मध्येच बंद पडतो.

चौथा टप्पा : मुलांशिवाय तालीम

पाठाच्या आदल्या दिवशी रिकाम्या वर्गात पंधरा मिनिटे तालीम करावी. सामग्री पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत स्वतः पाहावी; अर्धवट पाहून दाखवलेल्या चित्रफितीत शेवटी काय निघेल, याचा नेम नसतो. ती कुठे थांबवायची हे आधी ठरवून मिनिट-सेकंद कागदावर लिहावेत. मुलांच्या जागी खाली बसून पडदा दिसतो का आणि मागच्या भिंतीपाशी आवाज पोहोचतो का, हे तपासावे. फोनवर ‘व्यत्यय नको’ ही सोय सुरू करावी. टॅब मुलांच्या हातात जाणार असेल तर एकच ॲप पडद्यावर राहील अशी पिन करण्याची सोय सेटिंगमध्ये असते, ती वापरून पाहावी.

वीज गेली तर काय करायचे, हेही तालमीतच ठरवावे. त्याच विषयावरची एखादी विनासाधन कृती, बडबडगीत, चित्रपत्ते किंवा मातीकाम हाताशी असले की खोळंबा होत नाही आणि शिक्षिकेचा घामही निघत नाही. मदतनीस असल्यास ती कुठे बसेल आणि कोणत्या मुलांकडे लक्ष देईल, हे तिला आधी सांगावे. यंत्राशी झटापट सुरू असताना मुलांकडे पाहायला दुसरे कुणी नसले की धडपडणे, पडणे, चावणे हे सगळे नेमके त्याच दोन मिनिटांत होते.

पाचवा टप्पा : प्रत्यक्ष पाठ

तान्हा पोळा हा नागपूरच्या मुलांचा स्वतःचा सण आहे, म्हणून त्याचाच पाठ उदाहरणादाखल घेऊ. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले लाकडी बैल सजवून वस्तीत फिरतात, पण प्रत्येकाच्या घरी बैल असतोच असे नाही आणि परप्रांतातून आलेल्या कुटुंबांना या सणाची ओळखही नसते.

शिक्षिकेने वस्तीतील बैल सजवण्याची दीड-दोन मिनिटांची चित्रफीत स्वतःच्या फोनवर घ्यावी. शिंगे रंगवणारे हात, झूल, घुंगरांचा आवाज एवढे पुरे. मुलांचे चेहरे त्यात येऊ देऊ नयेत. तयार, झगमगीत चित्रफितीपेक्षा आपल्या गल्लीतली ही साधी चित्रफीत मुलांना अधिक बोलते करते, कारण ‘हे तर आमच्या घराजवळचे आहे’ असे कुणीतरी ओरडतेच. त्याच दिवशी निघणाऱ्या मारबतीच्या, म्हणजे वाईट गोष्टींचे प्रतीक मानलेल्या पुतळ्यांच्या मिरवणुकीची चित्रफीत मात्र या वयात जपून निवडावी. अवाढव्य काळी मारबत आणि ढोलांचा दणदणाट यांनी तीन वर्षांची मुले घाबरतात.

सुरुवातीला लाकडी बैल मुलांच्या हातात फिरवावा आणि दहा मिनिटे नुसते बोलणे होऊ द्यावे. मग पडदा न दाखवता फक्त घुंगरांचा आवाज ऐकवून ‘हा कशाचा आवाज असेल?’ असे विचारावे. त्यानंतर चित्रफीत लावावी आणि शिंगांना रंग लागण्याच्या क्षणी थांबवावी. ‘आता पुढे काय करतील?’ हा प्रश्न विचारल्यावर निदान पाच-सात सेकंद गप्प बसावे. ही शांतता नव्या शिक्षिकेला अवघड जाते, पण मुलाला विचार जुळवायला तेवढा वेळ लागतोच. उत्तर चुकले तरी ते खोडू नये. चित्रफीत पुढे चालवून मुलांनाच पाहू द्यावे. दोन थांबे पुरेत. मग टीव्ही बंद करून त्यावर कापड टाकावे, कारण काळा पडदा समोर असेपर्यंत ‘टीचर, अजून लावा ना’ हे चालूच राहते.

यापुढचा अर्धा तास पाठाचा खरा भाग आहे. मुलांनी मातीचे बैल करावेत, कागदाची झूल कापावी, बैल होऊन अंगणात चालावे. शिक्षिकेने एकेका मुलाजवळ बसून ‘तुझ्या बैलाचे नाव काय?’ असे विचारावे आणि त्याचे उत्तर फोनवर मुद्रित करावे. दुसऱ्या दिवशी मुलाला स्वतःचाच आवाज ऐकवला की ते त्यात भर घालते; कालची दोन वाक्ये आज चार होतात. भाषाविकासाची याहून विश्वासार्ह नोंद छापील तक्त्यावर करता येत नाही.

घरची भाषा

नागपूरच्या एकाच वर्गात मराठी, हिंदी, वऱ्हाडी आणि काही वस्त्यांत छत्तीसगढी किंवा गोंडी बोलणारी मुले एकत्र बसतात, आणि बाजारातील बहुतेक तयार सामग्री यांपैकी एक-दोन भाषांपुरतीच असते. येथे फोनचा फारसा न होणारा उपयोग करून घेता येतो. पालकांना व्हॉट्सॲपवर आवाजी संदेश पाठवायला सांगावे : आजीने म्हटलेले अंगाईगीत, आईने सांगितलेली छोटी गोष्ट, वडिलांनी घेतलेली भाज्यांची नावे. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीलाही यात भाग घेता येतो. असे पंधरा-वीस संदेश जमले की वर्गाचा स्वतःचा ध्वनिसंग्रह तयार होतो. जे मूल वर्गात तोंड उघडत नाही, त्याच्या आजीचा आवाज स्पीकरवर लागला की ते काय करते, ते अवश्य पाहावे.

फोटो, आवाज आणि खासगीपणा

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ नुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि तिची वैयक्तिक माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागते. कायद्याचे बारकावे संस्थेने पाहावेत. शिक्षिकेने आपल्या हातातले तेवढे काटेकोर पाळावे. प्रवेशाच्या वेळी सोप्या मराठीत आणि हिंदीत लेखी संमती घ्यावी आणि फोटो कशासाठी, कुठे व किती दिवस राहतील हे त्यात लिहावे. संमती न देणाऱ्या पालकाच्या मुलाला कृतीतून वगळू नये. फोटो काढताना फक्त हात आणि वस्तू टिपावी. मुलांचे फोटो शिक्षिकेच्या स्वतःच्या स्टेटसवर कधीही ठेवू नयेत. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधील स्थान नोंदवण्याची सोय बंद ठेवावी. पालकांच्या गटात एका मुलाची चूक, रडणे किंवा आजारपण यांविषयी काहीही पाठवू नये. ते ज्याच्या त्याच्या आईवडिलांशी स्वतंत्रपणे बोलावे.

पालकांशी बोलणे

एका बाजूला ‘टॅबवर शिकवता का?’ असे विचारून प्रवेश ठरवणारे पालक असतात, तर दुसऱ्या बाजूला ‘घरी मोबाइल सुटत नाही, आता शाळेतही तेच का?’ असे विचारणारे. दोघांनाही वरील पोळ्याचा पाठ पालकसभेत करून दाखवावा. व्याख्यान देऊ नये. सभेतच घरच्या वापराविषयी न दटावता विचारावे, कारण तासाभराची मर्यादा घर आणि शाळा यांनी मिळून पाळायची असते. कामावर जाणाऱ्या आईला ‘मोबाइल देऊच नका’ असे सांगून उपयोग होत नाही. निदान जेवताना आणि झोपण्यापूर्वी तो नसावा, एवढे मागणे तिला झेपण्यासारखे आहे.

मुख्याध्यापिका आणि पर्यवेक्षिका यांच्यासाठी वेळापत्रक

उन्हामुळे विदर्भातील शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या उत्तरार्धात किंवा अखेरीस उघडतात. त्याआधीचे तीन-चार दिवस चाचपणी आणि साधनांची तपासणी यांसाठी राखावेत. जुलैत केवळ आवाजाच्या कृती घ्याव्यात. ऑगस्टमध्ये फोटो आणि ध्वनिमुद्रण आणावे, पडद्याचा पहिला पाठ पोळ्याच्या सुमारास ठेवावा आणि दिवाळीपर्यंत पंधरवड्याला एकापेक्षा अधिक पाठांचा आग्रह धरू नये. शिक्षिकांच्या जोड्या लावून एकीने दुसरीचा पाठ पाहावा. पाहणारीने यंत्र कसे हाताळले याची नोंद घेऊ नये. मुले किती वेळा आपणहून बोलली, कोण गप्प राहिले आणि पडदा बंद झाल्यावर काय झाले, हे लिहावे. एका दिवसाच्या शिबिरातून जे मिळत नाही ते अशा परस्पर निरीक्षणातून मिळते. या काळात शिक्षिकांनी किती चित्रफिती दाखवल्या याचा अहवाल पर्यवेक्षिकेने मागितला, तर सगळी मेहनत वाया जाईल. मग शिक्षिका संख्या भरण्यासाठीच टीव्ही लावतील.

तयारी झाली की नाही, हे वर्षाच्या मध्यावर ओळखता येते. पावसाची सर आली, मुले खिडकीकडे धावली आणि ठरलेला पडद्याचा पाठ बाजूला सारून शिक्षिका त्यांच्यासोबत पाऊस पाहायला गेली, तर तिला साधन वापरणे जमू लागले आहे. साधन आहे म्हणून पाठ रेटून नेणारी शिक्षिका कितीही सफाईने यंत्र चालवीत असली, तरी तिला आणखी सोबतीची गरज आहे.

एप्रिलमध्ये, वर्ग संपण्यापूर्वी, फोनमधील सर्व सामग्री चाळावी. प्रत्येक मुलाचे निवडक फोटो आणि ध्वनिमुद्रणे त्याच्या पालकांना द्यावीत आणि उरलेली फोनमधून, तसेच आपोआप साठवणूक होणाऱ्या ऑनलाइन खात्यातूनही पुसावीत. ज्यांत मुलांची ओळख पटत नाही अशा चित्रफिती, पाठांच्या नोंदी आणि घरच्यांनी परवानगी दिलेले आवाज एका पेन ड्राइव्हवर घेऊन, त्यावर वर्ष आणि वर्ग लिहून, पुढील वर्षी हा वर्ग घेणाऱ्या शिक्षिकेच्या स्वाधीन करावेत.